साठवण-विकारांची जनुके: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

लायसोसोमच्या, म्हणजे पेशीतील टाकाऊ पदार्थ मोडणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांच्या, साठवण-विकारांविषयी येणाऱ्या पत्रांत एकच घोटाळा पुन्हा पुन्हा आढळतो. कागदावर नुसते ‘एमपीएस’ (म्यूकोपॉलिसॅकॅरिडोसिस; हर्लर, हंटर, शाय, सॅनफिलिपो अशा आजारांचा गट) लिहिलेले असते आणि कुटुंब त्यालाच निदान समजून बसते. कोणते एन्झाइम (साठा मोडणारे प्रथिन) कमी आहे आणि कोणत्या जनुकात दोष आहे, हे ठरल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

प्रश्न: दोन्ही घराण्यांत असा आजार कोणालाच नव्हता. मग आमच्या मुलीला हर्लर सिंड्रोम कसा झाला?

उत्तर: आई-वडील दोघेही एकाच जनुकातील दोषाचे वाहक असल्यामुळे. वाहकाला स्वतःला त्रास होत नाही. मात्र प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्केच राहतो, आधीचे मूल आजारी असो वा निरोगी.

प्रश्न: माझ्या बहिणीच्या मुलाला हंटर सिंड्रोम आहे. माझी एन्झाइमची तपासणी नॉर्मल आली. आता मी निश्चिंत राहावे का?

उत्तर: नाही. हंटरचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते आणि स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स बहुतांशी कार्यरत असतो, त्यामुळे वाहक स्त्रीचे एन्झाइम सहज नॉर्मल येऊ शकते. आधी भाच्याच्या जनुकातील नेमका दोष शोधावा, मग तोच दोष बहिणीत आणि तुमच्यात आहे का ते पाहावे. या जनुकाजवळ त्याच्यासारखीच एक निष्क्रिय प्रत असते. त्या दोघांत अदलाबदल झाली असेल, तर ती नेहमीच्या सिक्वेन्सिंगमधून (जनुकाची अक्षरे क्रमाने वाचणाऱ्या तपासणीतून) निसटू शकते. म्हणून भाच्याचा अहवाल हाती नसताना तुमच्या ‘निर्दोष’ अहवालावर मी विसंबणार नाही. जनुकीय समुपदेशकाला भेटा.

प्रश्न: डॉ. एलिझाबेथ न्यूफेल्ड यांनी प्रयोगशाळेत रुग्णांच्या पेशींतील साठा कमी करून दाखवला, असे वाचले. मग सलाइनमधून एन्झाइम दिल्यावर मुलाची बुद्धी का सुधारत नाही?

उत्तर: प्रयोग समजून घेतला की उत्तर त्यातच सापडते. या मुलांच्या शरीरात शर्करेच्या लांब साखळ्या साठतात. त्या गरजेपेक्षा जास्त तयार होतात, असाही एक तर्क होता. न्यूफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत रुग्णांच्या त्वचेच्या पेशी वाढवल्या, साखळ्यांचा माग काढण्यासाठी त्यांना किरणोत्सारी सल्फेट दिले आणि दोष उत्पादनात नसून विघटनात आहे, हे दाखवले. १९६८ मध्ये त्यांनी हर्लर आणि हंटरच्या पेशी एकाच बशीत एकत्र ठेवल्या, तेव्हा दोन्ही प्रकारच्या पेशींतील साठा कमी झाला. एकीला जे कमी होते ते दुसरी बाहेर सोडत होती, म्हणजे दोघींतील दोष वेगळे होते. पुढे हीच कसोटी उलट बाजूनेही उपयोगी पडली: शाय आणि हर्लरच्या पेशी एकमेकींना सुधारू शकल्या नाहीत, म्हणून दिसायला वेगळे असणारे हे दोन आजार मुळात एकाच एन्झाइमच्या कमतरतेचे निघाले, सॅनफिलिपो मात्र एकाच नावाखाली एकाहून अधिक आजार निघाला. चेहऱ्यावरून जे ठरत नव्हते, ते पेशींनी ठरवून दिले.

बशीतल्या पेशीला एन्झाइम थेट मिळते. मेंदू मात्र रक्तापासून एका अडसराने वेगळा ठेवलेला असतो आणि शिरेतून दिलेले एन्झाइम तो सहसा ओलांडत नाही. म्हणून यकृत आणि प्लीहा आटोक्यात येतात, श्वास आणि चालणे सुधारू शकते, बुद्धीवर मात्र परिणाम दिसत नाही. हर्लरमध्ये अगदी लहान वयात मूलपेशी प्रत्यारोपणाचा विचार होतो, कारण दात्याच्या पेशींचे वंशज मेंदूत जाऊन स्थिरावतात आणि तिथेच एन्झाइम सोडतात. तो निर्णय तज्ज्ञांच्या चमूनेच घ्यावा, आणि लवकर घ्यावा.

प्रश्न: आमचा पहिला मुलगा गेल्या वर्षी गेला. कागदावर फक्त ‘एमपीएस’ लिहिले आहे. आता मला चौदावा आठवडा आहे. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत कळेल ना?

उत्तर: बहुतेक वेळा कळत नाही. तोवर थांबू नका. हे वाचताच वैद्यकीय जनुकतज्ज्ञांची वेळ घ्या. तुमचे दुःख मी समजू शकतो, पण ज्यांनी ‘पुढचे पुढे बघू’ असे सांगितले, त्यांच्याविषयी मला सहानुभूती नाही. हर्लर, हंटर, सॅनफिलिपो ही सारी ‘एमपीएस’च, जनुके वेगळी, हंटरचा वारसा तर निराळ्याच वाटेने जातो. प्रकार ठाऊक नसताना गर्भात नेमके काय शोधायचे? मूल हयात असताना जांभळ्या झाकणाच्या नळीत दोन-तीन मिलिलिटर रक्त घेऊन डीएनए जपला असता, किंवा गाळणकागदावर रक्ताचे काही थेंब घेऊन, ते आडवे ठेवून पुरते वाळवून पाकिटात बंद केले असते, तर अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेच्या पेशींतून उत्तर मिळू शकले असते. ती वेळ आता गेली. मुलाचा रक्तनमुना, बायॉप्सी किंवा नवजात तपासणीचे कार्ड कुठे शिल्लक आहे का, ते आधी शोधा. काहीच नसेल, तर पती-पत्नी दोघांच्या जनुकांची एकत्र तपासणी करता येते. गर्भजल सोळाव्या आठवड्याच्या आसपास घेता येते, पण त्यातील पेशी वाढवण्यात आणखी दिवस जातात. एक इशारा: शेकडो जनुकांची ‘पॅकेजे’ विकणारे एन्झाइमची तपासणी झाली की नाही, हे विचारतही नाहीत. मग ‘अर्थ अनिश्चित’ अशा बदलांची यादी हाती येते. तेवढ्यावरून गर्भाविषयी कोणताही निर्णय घेऊ नये.

प्रश्न: पुतण्याच्या आजारामुळे घरातल्या सर्वांची तपासणी झाली. माझे अ‍ॅरिलसल्फेटेज-ए (दुसऱ्या एका साठवण-विकारात कमी असणारे एन्झाइम) फार कमी आले. मी पन्नाशीचा आहे आणि ठणठणीत आहे. मला आजार होणार का?

उत्तर: त्या एका आकड्यावरून तसे म्हणता येत नाही. या एन्झाइमची ‘आभासी कमतरता’, म्हणजे तपासणीत आकडा कमी पण आजार नाही, बऱ्याच निरोगी लोकांत असते. लघवीतील सल्फॅटाइड (हे एन्झाइम मोडते तो मेदपदार्थ) आणि जनुकाची तपासणी करून घ्या आणि सर्व अहवाल एकत्र दाखवा.

प्रश्न: एन्झाइमची पावडर दुधातून दिली तर चालेल का? विक्रेता ‘नैसर्गिक उपचार’ म्हणतो.

उत्तर: नाही. ती पोटातच पचून जाते. विक्रेत्यावर घालवायचा वेळ आणि पैसा तज्ज्ञांच्या भेटीसाठी राखून ठेवा.