पवनचक्कीखाली मेलेली पाखरं मोजायची नोकरी

सप्रेम नमस्कार,

मुलगी होळकर सायन्स कॉलेजात झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. देवासच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या बघून आल्यापासून 'यांच्यामुळे मरणाऱ्या पक्ष्यांसाठी काम करणार' म्हणते. हे करिअर आहे की खूळ, आणि गुपचूप बी.एड. करायला लावू का, असं तुम्ही विचारलंय.

करिअर आहे. फक्त तिच्या डोळ्यांपुढे आहे तसं नाही.

या कामाला अडॅप्टिव्ह मॅनेजमेंट म्हणतात. उपाय करा, परिणाम मोजा, आकडे सांगतील तसा उपाय बदला, पुन्हा मोजा. स्पेनमध्ये तारिफाजवळ २००८ पासून गिधाड धोक्याच्या वाटेनं येताना दिसलं की तेवढीच चक्की थांबवू लागले. गिधाडांचे मृत्यू निम्म्यावर आले, वीज बुडाली वर्षाला ०.०७ टक्के. हा दुसरा आकडा नसता तर कंपनीवाल्यांनी पहिला ऐकूनही घेतला नसता.

आता मोजायचं म्हणजे काय, ते मुलीला नीट सांगा. चक्कीखाली ठरलेल्या रेषांवर चालत मेलेले पक्षी, वटवाघळं हुडकायची. तीन सापडली म्हणून तीनच मेली असं नसतं. काही कुत्र्या-कोल्ह्यांनी पळवलेली, काही गवतात दडलेली. म्हणून कुणीतरी आधी मुद्दाम मेलेली पाखरं टाकून येतं आणि शोधणाऱ्याला त्यातली किती सापडतात ते बघतं. आणखी काही ठेवून ती किती दिवस टिकतात हे रोज जाऊन पाहतात. मग गणित मांडून खरा आकडा काढायचा. पायाखाली काटे, नाकात वास, रात्री लॅपटॉपवर 'आर' (आकडेमोडीची संगणक-भाषा). पक्ष्यांवरचं प्रेम यात कामी येतं, पण पगार संख्याशास्त्राचा मिळतो.

आणि परिणाम नुसते मरणाचेच नसतात. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. चक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपटीनं कमी, त्यामुळे सरडे वाढलेले आणि निर्धास्त! माळढोकाला तर मोठा धोका पात्यांचा नाही, विजेच्या तारांचा.

पोटापाण्याचं बोलू. केंद्र सरकारच्या २००६ च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या (ईआयए) अधिसूचनेनुसार पवनप्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी लागत नाही. त्यामुळे असे सर्व्हे बरेचदा कर्ज देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांच्या अटींमुळे होतात आणि काम सल्लागार कंपन्यांकडे जातं. सुरुवात बहुधा कंत्राटावर, घर सोडून. हे तुम्हाला रुचणार नाही, ठाऊक आहे.

एम.एस्सी.साठी डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा बंगळुरूचं एनसीबीएस, म्हणजे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, बघा. जागा मोजक्या, आणि प्रवेश दरवर्षी निघतातच असं नाही, तेव्हा तारखा आत्ताच तपासा. बी.एड. पुढेही करता येईल. या वर्षी मात्र संख्याशास्त्र आणि जीआयएस (संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळणं) शिकू द्या.

त्याआधी एक करा. चार रविवार पहाटे तिला देवासला घेऊन जा. परवानगीशिवाय आवारात शिरायचं नाही, रस्त्यावरूनच बघायचं. दोन तास, एक वही: वेळ, पक्षी, आणि तो पात्यांच्या खालून गेला, वरून गेला की मधून. काहीच दिसलं नाही त्या तासापुढे शून्य लिहायचं. पक्षीवेड्यांच्या वहीत शून्य सहसा नसतं, म्हणून मी तेच आधी शोधीन.

मग वही घेऊन दोघंही या.