टॉवर समोर दिसतो, तरी नेट का रखडतं? : वाचकांची प्रश्नोत्तरे

टॉवरवरून गच्चीवरच्या डिशवर येणाऱ्या इंटरनेटबद्दल या वेळी बरेच प्रश्न आलेत. जवळजवळ सगळ्यांनी सोबत एकच आकडा पाठवलाय, मोबाइलवरच्या स्पीड टेस्टचा. तेवढ्यावरून काही ठरवता येत नाही. बाहेरून टॉवरपर्यंत, टॉवर ते डिश, डिश ते राउटर आणि राउटर ते मोबाइल असे चार टप्पे आहेत. दुखणं कुठल्या टप्प्यात आहे हे कळल्याशिवाय डिशला हात लावू नका. हलवलेली डिश पुन्हा जागेवर आणताना भलेभले रडकुंडीला येतात.

प्रश्न : आमचं घर देवरुखजवळ, टॉवर समोरच्या सड्यावर. २०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. डिशच्या सेटिंगच्या पानावर ३०० दिसतं, पण टेस्ट ९४ च्या वर जात नाही. नेटवाले म्हणतात, लॅपटॉप जुना आहे.

तुमचं उत्तर त्या ९४ मध्येच आहे. हवेतून येणारा स्पीड एका जागी उभा राहत नाही. आता ८७, मग ११०, मग ९९ असा हलत राहतो. तुमचा सकाळ-संध्याकाळ ९४ वर येऊन अडतो, म्हणजे अडचण तारेत आहे. १०० एमबीपीएसच्या लॅन जोडणीतून प्रत्यक्षात साधारण ९४ च हाती लागतात. गिगाबिटसाठी, म्हणजे १००० एमबीपीएससाठी, केबलमधल्या वायरच्या चारही जोड्या लागतात. एखादी वायर टोकाच्या आरजे-४५ प्लगच्या पिनमध्ये नीट बसली नसेल, तर जोडणी काही न सांगता १०० वर उतरते.

डिशच्या पानावर ‘लॅन स्पीड’ पाहा. तिथे १०० दिसलं, तर आधी दोन्ही टोकं कापून नवे प्लग क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, घ्या. मग पीओई अडाप्टर (लॅनच्या तारेतूनच डिशला वीज देणारा) आणि राउटरचा पोर्ट गिगाबिटचा आहे का ते तपासा, कारण स्वस्तातले बरेच अडाप्टर १०० चेच असतात. नंतर लॅपटॉप राउटरला केबलने जोडून, वायफाय बंद ठेवून टेस्ट करा. केबल बदलायची वेळ आली तर पूर्ण तांब्याचीच घ्या. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण लांब अंतरावर डिशला वीजही धड पोचवत नाही.

आता त्या ३०० बद्दल. तो रेडिओंमधल्या बोलण्याचा वेग आहे, तुमच्या हाती येणारा नाही. दोन्ही दिशांची ये-जा एकाच हवेतून पाळीपाळीने होते, शिवाय पोच-पावत्या आणि थांबे आहेतच. निम्मे ते साठ टक्के हाती आले तर लिंक चांगली समजा. म्हणजे केबल सुधारल्यावर १५० ते १८० अपेक्षित धरा. या लिंकवर २०० मिळणार नाहीत, आणि हे प्लॅन विकतानाच तुम्हाला सांगायला हवं होतं.

प्रश्न : ताई, वाईजवळ आमचं होमस्टे आहे. पहाटे ६० मिळतात, रात्री नऊला ८. पाहुणे वैतागतात. सिग्नल मात्र कायम -५८ दाखवतो. मोठी डिश घेऊ का?

नका घेऊ. डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरकस. -५८ हा छान सिग्नल आहे आणि तो दिवसरात्र तोच आहे. मोठी डिश घेऊन पैसे जातील, रात्रीचे ८ तसेच राहतील.

टॉवरवरचा एक अँटेना तीसेक घरांना नेट देत असेल, तर ती सगळी घरं एकच वेळ वाटून घेतात. इथे वेळ हा शब्द अक्षरशः घ्या. जोरकस सिग्नलच्या घराला प्रत्यक्षात १०० एमबीपीएसने माहिती देता येत असेल, तर ५ एमबीपीएसचा व्हिडिओ त्या घराला पुरवायला अँटेनाचा ५ टक्के वेळ लागतो. झाडाआडच्या, कशीबशी १० ने चालणाऱ्या घराला तोच व्हिडिओ द्यायला ५० टक्के वेळ जातो. अशी दोन घरं एकदम व्हिडिओ पाहायला बसली की बाकीच्यांसाठी काही उरतच नाही. तुमची लिंक कितीही चांगली असो, शेजारच्या वाडीतल्या एका वाकड्या डिशची किंमत तुम्ही मोजता. मला हे फार खटकतं, कारण दुरुस्ती अवघड नसते. त्या घराची डिश उंच करायची किंवा त्याला दुसऱ्या अँटेनावर घ्यायचं.

पण आधी गर्दी कुठे आहे ते पक्कं करा. रात्री नऊला लॅपटॉप केबलने जोडून दोन पिंग लावा (पिंग म्हणजे छोटा संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ), एक टॉवरवरच्या गेटवेला, म्हणजे तुमचं नेट जिथून बाहेर पडतं त्या यंत्राला, एक बाहेरच्या एखाद्या सर्व्हरला. गेटवेचंच पिंग ५ वरून १५० मिलिसेकंदांवर गेलं, तर गर्दी अँटेनावर आहे. गेटवे शांत आणि बाहेरचं पिंग फुगलेलं असेल, तर टॉवरला येणारी लाइनच अपुरी आहे. तीन दिवस पहाटे आणि रात्री आकडे वहीत लिहा. नेटवाल्यांना ‘स्लो आहे’ असं सांगू नका, ती वही दाखवा आणि अँटेनाचा एअरटाइम, म्हणजे तो वाटून घेतलेला वेळ, किती टक्के भरतो ते विचारा.

तिसरी शक्यता गोंगाटाची, म्हणजे इतरांच्या लहरींच्या अडथळ्याची. भारतात ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला. त्यामुळे लहान नेटवाल्यांना गावोगाव पोचता आलं, ही मोठीच सोय. पण त्या पट्ट्यावर कुणाचाच हक्क नाही. समोरच्या डोंगरावर उद्या दुसरा टॉवर उभा राहिला तर तक्रार करायला जागा नाही. सिग्नल तोच असूनही गोंगाटाचा आकडा चढला असेल, तर ४० मेगाहर्ट्झचा चॅनेल २० वर आणून पाहायला सांगा. कागदावरचा वेग निम्मा होतो, प्रत्यक्षातला बऱ्याचदा वाढतो.

प्रश्न : कुडाळजवळ राहतो, टॉवर पाच किलोमीटरवर. मे महिन्यापर्यंत सिग्नल -५५ होता, पाऊस लागल्यावर -७२. पावसानेच ना?

पावसाच्या थेंबांनी नाही. ५ गिगाहर्ट्झला कोसळणारा पाऊससुद्धा किलोमीटरमागे एक डेसिबल खात नाही. तुमचे १७ डेसिबल गेलेत, म्हणजे सिग्नलचा पन्नासावा हिस्सा उरलाय.

पाऊस थांबून पानं वाळली की सिग्नल परत येतो का? येत असेल तर वाटेत झाड आहे. ‘टॉवर दिसतो’ एवढं पुरत नाही. ५.८ गिगाहर्ट्झच्या पाच किलोमीटर लिंकला मधोमध नजरेच्या रेषेभोवती सुमारे ८ मीटर त्रिज्येची जागा लागते, आणि त्यातली निदान पाच मीटर पूर्ण मोकळी हवी. रेषेखाली दोन मीटरवर आंब्याचा शेंडा असेल, तर उन्हाळ्यात भागतं. भिजलेली पालवी मात्र सिग्नल गिळते. कलम तोडू नका, पाइप दोन-तीन मीटर वाढवा. झाडोऱ्यातून जायला खालच्या, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी बऱ्या, म्हणूनच आयआयटी मुंबईच्या ‘ग्राम मार्ग’ प्रकल्पाने पालघरच्या गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून पाहिल्या. तुमच्या डिशला तो पर्याय नाही.

पाऊस उघडून दोन दिवस झाले तरी सिग्नल पडलेलाच असेल, तर कनेक्टरमध्ये पाणी शिरलंय. रेडिओच्या पानावर दोन साखळ्यांचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या लहरींचे आकडे वेगळे दिसतात. एक -५६ आणि दुसरा -७५ असेल, तर त्या एका बाजूचा जोड उघडा, वाळवा, रबराच्या टेपने नीट गुंडाळा. केबल आत शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकेल. आणि दोन्ही आकडे सारखेच पडले असून वाढायचं नाव घेत नसतील, तर वाऱ्याने डिश फिरली आहे. फक्त याच वेळी ती हलवा, तीही पाऊस थांबल्यावर आणि खाली कुणी आकडे वाचायला असताना.

प्रश्न : नाशिकला ५जीचा घरचा बॉक्स घेतलाय. गॅलरीत फोनवर ४०० मिळतात, बॉक्सवर ५०.

बॉक्स टीव्हीशेजारी ठेवलाय ना? फोनसारखा त्यालाही गॅलरीत नेऊन बघा. मग बॉक्सच्या पानावर बँड, म्हणजे तो कुठल्या लहरींवर चालतोय ते, पाहा. एन-२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. भिंतीतून आत येतो, पण अरुंद. एन-७८ म्हणजे ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, रुंद, पण भिंतीला बुजणारा. २०२२ च्या लिलावात जिओने ७०० मध्ये १० आणि ३.५ मध्ये १०० मेगाहर्ट्झ घेतले, यावरून फरक लक्षात यावा. एसआयएनआर, म्हणजे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती वर आहे तो आकडा, २० च्या आसपास मिळेल ती खिडकी निवडा. नुसत्या दांड्या मोजू नका.

प्रश्न : १०० चा प्लॅन आहे, पण फाइल १२ च्याच वेगाने उतरते.

तुमचं नेट उत्तम आहे. प्लॅन मेगाबिटमध्ये मोजतात, फाइल मेगाबाइटमध्ये. १०० ला ८ ने भागा.

प्रश्न : टेस्ट ४० दाखवते, तरी मुलीच्या ऑनलाइन तासाला आवाज तुटतो, विशेषतः माझा फोन फोटो क्लाउडवर चढवत असताना.

तुमच्या निरीक्षणातच निदान आहे. फोटो वर चढताना अपलोड तुंबतं, आणि मुलीचा आवाज त्या रांगेच्या शेपटाला उभा राहतो. खात्री करायला पिंग चालू ठेवून फोटो चढवा. ३० चं ५०० झालं, तर हीच गोष्ट आहे. जास्त स्पीडचा प्लॅन घेऊन ती फारशी सुटत नाही. ‘एफक्यू-कोडेल’ किंवा ‘केक’ ही रांग आवरायची सोय असलेला राउटर घ्या आणि त्यात वेगाची मर्यादा स्वतः घाला. वायरलेस लिंकचा वेग हलता असतो, म्हणून ती पहाटेच्या आकड्यावरून न ठरवता रात्री नऊच्या आकड्याहून थोडी खाली ठेवा. रात्री अपलोड ६ मिळत असेल, तर ५ घाला. राउटर येईपर्यंत तासाच्या वेळी फोनवरचा फोटो बॅकअप बंद ठेवा.