साठ मेल पाठवले, उत्तरं फक्त दोन

प्रश्न: माझी इम्युनॉलॉजीतली (रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासातली) पीएचडी पाच-सहा महिन्यांत संपेल. नेचर करिअर्स, युराक्सेस या नोकऱ्यांच्या साइट्स रोज बघते, पोस्टडॉकसाठी (पीएचडीनंतरच्या संशोधनाच्या जागेसाठी) साठेक मेल टाकले, दोनच उत्तरं आली, दोन्हीकडे 'सध्या फंडिंग नाही'. फर्स्ट ऑथर पेपर एकच आहे. काय चुकतंय? मेलचा नमुना सोबत जोडलाय. – एक वाचक

उत्तर: नमुना वाचला. राग मानू नका, पण हा एकच मेल साठ वेळा गेलाय ना? 'आदरणीय सर, आपल्या नामांकित लॅबमध्ये काम करण्याची तीव्र इच्छा आहे' (आणि सर कशावरून, त्यात मॅडमही असतीलच की!). लॅबचं नाव बदललं तरी मेल तसाच राहतो, आणि रोज असे मेल बघणाऱ्या पीआयला (लॅबप्रमुखाला) ते पहिल्या ओळीतच कळतं. त्यापेक्षा असं काहीतरी लिहा, की 'तुमच्या पेपरात थकलेल्या टी-सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पेशी) प्लीहेतून घेतल्यात, मी तीन वर्षं फुफ्फुसातल्या टी-सेल्सवर फ्लो सायटोमेट्री (पेशी मोजायची-ओळखायची पद्धत) करतेय, तिथेही त्या तशाच थकतात का हे मला बघायचंय'. अशा चार-पाच ओळी, सीव्ही, झालं. साठ नको, दहाच लॅब निवडा. जाहिरातींवर तर अजिबात विसंबू नका, बऱ्याच जागा जाहिरात न देताच ओळखीतून किंवा अशा मेलमधून भरल्या जातात.

आता ती दोन उत्तरं. 'फंडिंग नाही' म्हणजे नकार असं तुम्ही धरलंत, मी नाही धरणार. आजच परत लिहा की मी स्वतः फेलोशिपला अर्ज केला तर होस्ट व्हाल का, म्हणजे तुमच्या लॅबमध्ये जागा द्याल का, कारण मग पगार फेलोशिपमधून येतो आणि पीआयला हो म्हणणं सोपं जातं. फक्त नियम आधी वाचा, घड्याळ पीएचडी मिळाल्यापासून चालू होतं. एम्बो या युरोपातल्या जीवशास्त्र संस्थेच्या फेलोशिपला पीएचडीनंतर 2 वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि युरोपातल्या मेरी क्युरी फेलोशिपला ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेची एफ-32 फेलोशिप फक्त तिथल्या नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना, पण तिचीच के-99 ग्रँट बाहेरच्यांनाही खुली आहे. तिला मात्र पोस्टडॉकची 4 वर्षं व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, म्हणून तिकडे गेल्यावर 'बघू नंतर' करत बसू नका. एका पेपरचं टेन्शन घेऊ नका, दुसरा तयार असेल तर बायोआर्काइव्हवर (जर्नलमध्ये छापून यायच्या आधी पेपर टाकायची साइट) टाका आणि लिंक द्या.

आणि कुणी हो म्हटलं की लगेच उडी मारू नका. लॅब सोडून गेलेल्या दोघा-तिघांना गाठा, शक्यतो फोनवर, कारण मेलमध्ये असलं खरं कोण लिहितं? पेपर निघायला किती वर्षं लागली, आजारपणात सुट्टी मिळाली का, आणि जाताना आपला प्रोजेक्ट सोबत नेऊ दिला का, एवढं विचारा. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा जरा गप्प झाला तर त्या लॅबबद्दल परत एकदा विचार करा.