जगात सर्वात चांगलं खाणं आणि रेस्टॉरंट कोणत्या देशात, कोणत्या शहरात आहेत? त्यात भारत कुठे बसतो?

रेस्टॉरंटपुरतं विचारत असाल तर टोकियो. रेस्टॉरंटना तारे देणाऱ्या मिशलिनने टोकियोची पहिली गाईड 2007 मध्ये काढली आणि तेव्हापासून सर्वाधिक तारांकित रेस्टॉरंट त्याच शहरात आहेत, पॅरिसपेक्षाही जास्त. पण सामान्य माणूस रोज बाहेर काय खातो हे बघायचं असेल, तर माझं मत सिंगापूरला आणि त्याच्या लगेच पाठोपाठ आपल्या मुंबई-ठाण्याला. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. अशा चर्चांमध्ये त्यांची कायम गल्लत होते.

मिशलिन ही मुळात टायर बनवणारी कंपनी. लोकांनी मोटारीने जास्त फिरावं म्हणून तिने 1900 मध्ये गाईड काढली, तारे 1926 पासून द्यायला लागली. तीन ताऱ्यांचा अर्थच असा की, त्या एका जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा. म्हणजे हे माप पाहुण्यांच्या सोयीचं आहे. शिवाय ही गाईड भारतात आजवर निघालेलीच नाही, त्यामुळे इथे एकही तारा नाही यावरून आपल्या खाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. लंडनमधल्या भारतीय रेस्टॉरंटना 2001 मध्येच तारे मिळाले होते.

कामानिमित्त मी काही काळ सिंगापूरला होते. तिथल्या हॉकर सेंटरमध्ये एका छपराखाली चिनी, मलय, तमिळ असे सगळे गाळे शेजारी शेजारी असतात. साहेब आणि सफाई कामगार एकाच टेबलावर जेवतात. हे आपोआप झालेलं नाही. तिथल्या सरकारने साधारण 1970 च्या दशकापासून रस्त्यावरच्या फेरीवाल्यांना पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय असलेले पक्के गाळे दिले. तिथल्याच एका सोया चिकन-भाताच्या गाळ्याला 2016 मध्ये मिशलिनचा तारा मिळाला आणि 2020 मध्ये या संस्कृतीची युनेस्कोने नोंद घेतली. आपल्याकडे फेरीवाल्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे, तरी ठाणे स्टेशनबाहेरच्या वडापाववाल्याचं अर्धं लक्ष कढईत आणि अर्धं पालिकेच्या गाडीकडे. हाताला चव आपल्या लोकांच्याही आहे हो, त्यांना नळ आणि जागा द्या! सिंगापूरला मी वरचा नंबर देते तो एवढ्याचसाठी.

आता भारत कुठे बसतो ते. विविधतेत मी चीन, मेक्सिको आणि भारत या तिघांना एका रांगेत बसवेन. पण आपली अडचण अशी की, आपलं सर्वात चांगलं खाणं रेस्टॉरंटमध्ये मिळतच नाही. ठाण्यात सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू मंडळींची जुनी वस्ती आहे. त्यांचं वालाचं बिरडं घ्या. कडवे वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा बोटांच्या चिमटीत हलकेच दाबायचा. साल सुटते, पांढरीशी डाळिंबी हातात येते. जोर जास्त लागला तर दाणा दुभंगतो, कमी लागला तर साल निघत नाही. पातेलंभर बिरड्याला दोन बायका तासभर बसतात. वर ओलं खोबरं, कोकम, चिमूटभर गूळ. एवढी मेहनत हॉटेलला परवडत नाही, म्हणून मेन्यूकार्डावर पनीर बटर मसाला असतो आणि बाहेरून आलेला माणूस तेच आपलं खाणं समजून जातो. घरची ही विद्या शिकून घेणारं कोणी नसेल, तर ती एका पिढीत संपेल याची मला खरोखर काळजी वाटते.

आगरी-कोळी जेवणाचंही तेच. ठाण्याची खाडी आहे म्हणून निवट्या (चिखलातले छोटे मासे), चिंबोऱ्या (खेकडे), जवळा (बारीक कोळंबी) आहे. सोबत तांदळाची भाकरी. टोकियोत असं स्थानिक काही असतं तर त्याच एका पदार्थाला वाहिलेलं दहा खुर्च्यांचं दुकान निघालं असतं. जपानी लोकांचा हा गुण मला फार आवडतो. एक पदार्थ धरायचा आणि आयुष्यभर तोच करायचा. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी उदाहरणं म्हणजे वडापावच्या आणि मिसळीच्या जुन्या गाद्या.

कधी ठाण्यात आलात तर सकाळी मामलेदारची मिसळ खा. तिथे कमी, मध्यम, तिखट असं विचारतात. पहिल्यांदा जात असाल तर मध्यमच सांगा, तीही घाम काढते. फरसाण मऊ पडायच्या आत संपवायची आणि वर ताक घ्यायचं. दुपारी नवी मुंबईकडे जाणार असाल तर बेलापूरजवळच्या दिवाळे कोळीवाड्याच्या बाजूला एखादी आगरी-कोळी खानावळ गाठा. पापलेट, सुरमई तुम्हाला कुठेही मिळेल. तिथे बसल्यावर आधी विचारायचं, आज निवट्या आहेत का, आणि नसतील तर सुका जवळा कांद्यावर परतून द्याल का.