इलिनॉयचा आयकर, २०२० चं मतदान आणि इंडियानात घर घ्यायचा प्रश्न

तुमचे तीन प्रश्न आहेत. फक्त श्रीमंतांवर जास्त आयकर लावायचा प्रस्ताव २०२० मध्ये इलिनॉयच्या मतदारांनी का पाडला? राज्याकडे पैसे नाहीत म्हणतात, तर ते जातात कुठे? आणि दोघांच्या शिकागोतल्या नोकऱ्या ठेवून इंडियानात घर घ्यावं का? मी इथे सव्वीस वर्षं आहे आणि २००८ पासून मतदार आहे. त्या प्रस्तावावर मीही मत दिलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तुम्ही घरं बघायला लागला आहात. विस्कॉन्सिन, मिशिगन, आयोवा आणि केंटकी या राज्यांशी इलिनॉयचा आयकराचा परस्पर करार आहे (नोकरी कुठेही असो, पगारावरचा कर राहत्या राज्यालाच), इंडियानाशी नाही. त्यामुळे रोज शिकागोच्या ऑफिसात जाणार असाल, तर इंडियानातल्या मन्स्टरला राहूनही त्या पगारावर इलिनॉयचे ४.९५ टक्के भरायचेच आहेत. इंडियाना त्याची सूट आपल्या करात देतं, पण इलिनॉयचा आकडा त्यामुळे कमी होत नाही. इंडियानाचा राज्याचा दर २०२५ मध्ये ३ टक्के होता, हे तुम्ही बरोबर वाचलंत. मात्र तिथे प्रत्येक काउंटीचा (जिल्ह्याचा) आयकर वेगळा असतो आणि मन्स्टर ज्यात येतं त्या लेक काउंटीत तो १.५ टक्के आहे. बचत होते ती घरपट्टीत. राहत्या घरावरचा कर सरकारी मूल्यांकनाच्या १ टक्क्यापुढे जाऊ नये, ही मर्यादा तिथल्या मतदारांनी २०१० मध्ये राज्यघटनेतच घातली. शाळांसाठी स्थानिक मतदानानं वेगळी मंजुरी दिली, तर तेवढा अपवाद. म्हणजे जायचं असेल तर घरपट्टीसाठी जा. आयकर वाचेल या आशेनं जाऊ नका.

आता पैसे कुठे जातात ते. इलिनॉयमध्ये आयकर आला १९६९ मध्ये, गव्हर्नर रिचर्ड ओगिल्व्ही यांच्या काळात. व्यक्तींना अडीच टक्के, कंपन्यांना चार. पुढची निवडणूक ते हरले. त्यानंतर १९७० ची राज्यघटना आली आणि आजच्या सगळ्या वादाचं मूळ तिच्या दोन कलमांत आहे. एक कलम म्हणतं, आयकराचा दर सगळ्यांना एकच असला पाहिजे. दुसरं म्हणतं, सरकारी नोकरांना कबूल केलेली पेन्शन कमी करता येणार नाही. म्हणजे येणारा पैसा एका कलमानं बांधला आणि देणं दुसऱ्यानं.

असं बांधलेलं देणं दरवर्षी नेमानं फेडलं असतं, तर निभावलं असतं. पण दोन्ही पक्षांच्या सरकारांनी पेन्शनचा हप्ता पूर्ण भरायचं टाळलं. १९९४ मध्ये पन्नास वर्षांची योजना केली, २०४५ पर्यंत निधी ९० टक्क्यांवर आणायची. तिचे सुरुवातीचे हप्ते मुद्दाम हलके ठेवले, जड हप्ते पुढच्यांवर ढकलले. ते हलके हप्तेसुद्धा २००६ आणि २००७ या आर्थिक वर्षांत कापले. आज राज्याच्या पेन्शन निधीतली तूट १४० अब्ज डॉलरच्या वर आहे. २०१३ मध्ये पेन्शन कमी करणारा कायदा झाला, तो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये एकमतानं रद्द केला.

पेन्शनर म्हटलं की आपल्या मंडळींच्या बोलण्यात लगेच कडवटपणा येतो, म्हणून इथे थांबून सांगतो. आमच्या शेजारच्या बाई चौतीस वर्षं सरकारी शाळेत शिकवत होत्या. इलिनॉयच्या शिक्षकांना त्या नोकरीवर सोशल सिक्युरिटी मिळत नाही. पेन्शन हाच त्यांचा सगळा आधार. त्यांच्या पगारातून त्यांचा वाटा दर महिन्याला कापला गेला, एकदाही चुकला नाही. चुकला तो राज्याचा वाटा. त्यांची पेन्शन दरवर्षी चक्रवाढीनं ३ टक्के वाढते, हे खरंच भारी पडतं. पण हा नियम त्यांनी केलेला नाही, आणि २०११ पासून लागलेल्यांना तो उरलेलाही नाही.

२०११ च्या जानेवारीत, जुन्या विधानसभेच्या शेवटच्या रात्री, आयकर ३ वरून ५ टक्के केला. तात्पुरता आहे असं सांगितलं होतं आणि ठरल्याप्रमाणे २०१५ मध्ये तो ३.७५ वर आलाही. मग रिपब्लिकन गव्हर्नर ब्रूस राउनर आणि डेमोक्रॅट विधानसभा यांची अशी जुंपली की दोन वर्षांहून जास्त काळ राज्याला पूर्ण अर्थसंकल्पच नव्हता. ती दोन वर्षं इथे राहिलेला माणूस विसरणार नाही. लॉटरीच्या मोठ्या बक्षिसांचे चेक थांबले. शिकागो स्टेट विद्यापीठानं शेकडो माणसं कमी केली. लुथरन सोशल सर्व्हिसेस या जुन्या संस्थेनं २०१६ च्या सुरुवातीला तीस उपक्रम आणि साडेसातशे जागा बंद केल्या. माझी बायको एका छोट्या संस्थेतर्फे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जायची. राज्याकडून येणं थकलं आणि ती सेवाच बंद झाली. त्यातल्या एक आजी पुढे कित्येक महिने आमच्या घरी फोन करून विचारायच्या, मंगळवारी कोण येणार म्हणून. आमच्याकडे उत्तर नसायचं.

आणि यात बचत काहीच झाली नाही. उशिरा दिलेल्या बहुतेक बिलांवर राज्याला महिना १ टक्का व्याज द्यावं लागतं. थकलेली बिलं वाढत वाढत १६ अब्ज डॉलरच्या पलीकडे गेली. राज्याचं पतमानांकन ‘जंक’च्या, म्हणजे कर्ज देणं धोक्याचं मानतात त्या श्रेणीच्या, एक पायरी वर येऊन टेकलं. शेवटी जुलै २०१७ मध्ये काही रिपब्लिकन आमदार फुटले, राउनरांचा नकाराधिकार ओलांडला गेला आणि दर ४.९५ टक्के झाला. तोच आजही आहे.

तुम्ही विचारता तो प्रस्ताव या पार्श्वभूमीवर आला. गव्हर्नर जे. बी. प्रित्झकर यांना एकच दर सांगणारं कलम काढायचं होतं. सोबत विधानसभेनं टप्प्यांचे दर मंजूर करून ठेवले होते: ४.७५ पासून ७.९९ पर्यंत, वाढ फक्त अडीच लाख डॉलरच्या वरच्या उत्पन्नाला. बाजूनं आणि विरोधात मुख्यतः दोन अब्जाधीशांनी पैसा ओतला. इकडून स्वतः प्रित्झकर, तिकडून हेज फंडवाले केन ग्रिफिन, प्रत्येकी पन्नास दशलक्षांहून जास्त.

माझं मत ‘हो’ होतं. पण विरोधात मत दिलेले सगळे जाहिरातींना भुलले, हे मला मान्य नाही. माझा तीस वर्षांपासूनचा मित्र, पुण्याचाच, हिशोबात माझ्याहून पक्का, त्यानं विरोधात मत दिलं. वर्षाला १ लाख २० हजार मिळवणाऱ्या घराचं गणित त्यानं माझ्यासमोर मांडलं. सूट-वजावट सोडली, तर जुन्या दरानं ५,९४० डॉलर, नव्यानं ५,८७५. तो म्हणाला, “पासष्ट डॉलर वाचतील. पण आज घटनेनं लावलेलं कुलूप निघालं, की उद्या अडीच लाखांची रेघ दीड लाखावर आणायला यांना साधं बहुमत पुरेल. २०११ चं ‘तात्पुरतं’ मी विसरलेलो नाही.”

त्याच उन्हाळ्यात कॉमएड या वीज कंपनीनं लाचखोरीच्या प्रकरणात २०० दशलक्ष डॉलर भरायचं कबूल केलं होतं. ज्यांची मर्जी राखायला ते सगळं चाललं होतं, ते माइक मॅडिगन तीन दशकांहून जास्त काळ विधानसभेचे सभापती होते. (पुढे २०२५ मध्ये ते दोषी ठरले आणि साडेसात वर्षांची शिक्षा झाली.) अशा सभागृहाच्या हातात किल्ली कशाला द्यायची, असं माझ्या मित्राला वाटलं. तसं वाटणारे पुष्कळ निघाले. त्याच दिवशी बायडन यांना इलिनॉयनं ५७ टक्के मतं दिली, आणि त्याच मतपत्रिकेवर कराच्या प्रस्तावाला सुमारे ५३ टक्क्यांनी नकार दिला. मंजुरीला त्या प्रश्नावर ६० टक्के किंवा त्या निवडणुकीत मतदान केलेल्या एकूण लोकांचं बहुमत हवं होतं.

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं की नकार दिल्यानं देणं मिटत नाही. वसुली घरपट्टीतून होते, कारण शाळांच्या खर्चात राज्य कमी पडलं की गावाला भरावं लागतं. घरपट्टी नोकरी गेलेल्यालाही भरावी लागते आणि माझ्या शेजारच्या बाईंनाही. मित्राचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागला. प्रस्ताव पडूनही राज्य बुडालं नाही. कोविडनंतर केंद्राचा पैसा आला, महसूल वाढला, जुनी बिलं फिटली आणि २०२३ पर्यंत पतमानांकन ए-मायनसवर आलं. पेन्शनची तूट तशीच राहिली.

श्रीमंतांवरच्या कराची चर्चा पुन्हा निघाली, तिचं कारण नोव्हेंबर २०२४ चं मतदान. दहा लाखांच्या वरच्या उत्पन्नावर ३ टक्के जादा कर लावून तो घरपट्टी कमी करायला वापरावा का, असा सल्लावजा प्रश्न मतपत्रिकेवर होता. सुमारे ६० टक्के लोक ‘हो’ म्हणाले. मतदार तेच, फक्त या वेळी रेघ कुठे आणि पैसा कशाला, हे प्रश्नातच लिहिलेलं होतं. मित्रानंही ‘हो’ म्हटलं. पण हे मतदान बंधनकारक नव्हतं. एकच दर सांगणारं कलम जागेवर आहे आणि ते बदलायचं तर पुन्हा २०२० सारखंच सगळं करावं लागेल.

तुम्हाला अजून मतदानाचा हक्क नाही, कर मात्र आहेच. तेव्हा इलिनॉयच्या बाजूला घर बघताना आयकराच्या दरावर फार डोकं शिणवू नका. विकणाऱ्याकडून घरपट्टीची मागची दोन वर्षांची बिलं मागा. शिकागो ज्यात येतं त्या कूक काउंटीच्या बिलावर शाळा, गाव, पार्क अशा प्रत्येक करसंस्थेचं कर्ज आणि पेन्शनमधली तूट छापलेली असते. ज्या गावाची तूट मोठी, तिथली घरपट्टी चढायची शक्यता जास्त. दोन-तीन गावांची बिलं हाताशी आली की इथेच आकडे टाका, मी बघून सांगतो.