कानाला खडा : विलायती रॉक मोठा की आपला डीजे?

(गावोगावी तीस वर्षं साउंड सर्व्हिस चालवलेल्या आमच्या लेखकाला वाचकांनी विचारलेले प्रश्न)

प्रश्न : काका, नमस्कार. मी नेर तालुक्यातला. मागच्या महिन्यात मित्राच्या वरातीत डीजे लागला होता. घरावरची कवेलू हालत होती. तिथंच आमची सावजी मटणाची पैज लागली. एक मित्र पुण्याला शिकतो, तो म्हणतो की विलायती रॉकवाल्यांच्या मैदानातल्या आवाजापुढं हा डीजे म्हणजे पिपाणी. मी म्हटलं, शक्यच नाही. तुम्ही मुंबईला असा एक कार्यक्रम ऐकून आलात, असं आमचे बाबा सांगतात. खरं काय ते सांगा. मटण कोणी चारायचं?

उत्तर : अरे बाप्पा, मटणाचा मामला आहे, म्हणजे जपून बोलावं लागेल.

कागदावर पाहिलं तर तुझा मित्र जिंकतो. १९७२ साली लंडनच्या रेनबो थिएटरात डीप पर्पल या बँडचा आवाज ११७ डेसिबल (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) भरला आणि प्रेक्षकांतले तिघं बेशुद्ध पडले, अशी गिनीज बुकात नोंद झाली. मग ३१ मे १९७६ ला लंडनमधल्याच चार्ल्टनच्या फुटबॉल मैदानावर द हू या बँडनं स्पीकरपासून ३२ मीटरवर १२६ डेसिबल गाठले. पुढं गिनीजवाल्यांनी हा विक्रम नोंदवणंच बंद केलं. विक्रमाच्या नादात लोक बहिरे व्हायचे, ही भीती.

पण त्यातले 'स्पीकरपासून ३२ मीटरवर' हे शब्द सोडू नको. मेख तिथं आहे. उघड्यावर स्पीकरपासूनचं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबलनं चढतो. ३२ चे १६, १६ चे ८, ८ चे ४, ४ चे २. चार वेळा निम्मं झालं, म्हणजे २४ डेसिबल. तुमच्या वरातीतला डीजे ३२ मीटरवर १०२ भरत असला, तर त्याच्या बॉक्सपासून २ मीटरवर नाचणाऱ्या पोट्ट्याच्या कानात १२६ जातात. बॉक्सची भिंत असली की अगदी जवळ हा हिशेब थोडा ढिला पडतो, हे साउंडवाला म्हणून मला कबूल केलं पाहिजे. पण थोडाच. लंडनवाले दूर उभे राहून ऐकत होते आणि आपले लोक बॉक्सला पाठ लावून नाचतात. तेव्हा विक्रम त्यांचा, पण कान आपले जास्त जातात. मटणाचं तुम्ही पाहून घ्या.

आता मुंबईचं. मी १९७९ ला धंद्यात आलो तेव्हा माझ्याजवळ आवाज वाढवणारं अहुजाचं एक जुनं मशीन, दोन भोंगे आणि एक माईक होता. बैलगाडीत तणस टाकायची, त्यावर मशीन आणि वरून गोधडी. भागवत सप्ताह, कव्वालीचा मुकाबला, जयंतीला भीमगीतं, शंकरपट, सगळीकडे तोच संच. भोंगा कडुलिंबाच्या शेंड्याला बांधायचा, की चार गावांना निरोप जायचा. त्यात गाण्याचा खालचा भाग निघतच नसे. ढोलकीचा नुसता टक्‌ टक्‌ आवाज यायचा. आम्ही मात्र त्याच्यावर जाम खूश.

भाचा तेव्हा अमरावतीला इंजिनीअरिंगला होता. जानेवारी २००८ मध्ये घरी आला आणि म्हणाला, "मामा, तुमच्या भोंग्याहून मोठं आयकाचं असन तं चाला मुंबईले." आयर्न मेडन नावाचा इंग्रज बँड येणार होता. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन हा वैमानिकही आहे. सगळं सामान आणि माणसं भरलेलं बोइंग ७५७ तो स्वतः चालवत येणार, हे ऐकूनच मी तयार झालो. स्वतःचा मेटॅडोर स्वतः चालवणारा साउंडवाला मी. मला तो माणूस आपल्यातला वाटला.

दारव्ह्याहून शकुंतला नावाच्या छोट्या रेल्वेगाडीनं मूर्तिजापूर आणि तिथून रात्रीची मुंबई गाडी. शकुंतलेनं आमच्या सहनशक्तीचा पाहायचा तेवढा अंत पाहिला. १ फेब्रुवारीला संध्याकाळी वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात पोचलो, तर जिकडंतिकडं काळे टी-शर्ट. मी पांढरा शर्ट, पांढरा पायजमा घालून गेलेलो. उडदात तांदूळ पडावा तसा दिसत होतो. पोरं येऊन माझ्यासोबत फोटो काढून घेत होती.

मी स्टेजकडे गेलोच नाही. मैदानाच्या मधोमध कठड्यात आवाज जुळवणारा मिक्सरवाला बसतो, त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. लोकांना ऐकू येतं तेच त्याला ऐकू यावं म्हणून त्याची जागा लोकांत असते. आपल्याकडे बिचाऱ्याला स्टेजच्या मागं, जनरेटरजवळ टाकतात आणि मग माईक शिट्टी का मारतो म्हणून त्यालाच विचारतात. स्टेजच्या दोन्ही बाजूंना स्पीकर केळीच्या घडासारखे टांगलेले, खाली येतायेता आत वळलेले. वरचे दूरच्यांसाठी, खालचे जवळच्यांसाठी. मी ते बघतच बसलो. भाचा म्हणे, "मामा, स्टेज पाहा ना." स्टेजवर सगळा इजिप्तचा देखावा होता.

पहिला ठोका पडला आणि माझ्या शर्टाची पुढची बाजू अंगाला चिकटली. वारा नव्हता, आवाजच होता. छातीच्या पिंजऱ्यात कोणी मूठ ठेवावी तसं वाटलं. पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. या बँडमध्ये गिटारी तीन. एवढ्या गोंगाटात तिन्ही वेगवेगळ्या ऐकू येत होत्या. ड्रमच्या थाळीवर काठी घासली तरी कळत होतं. मोठ्या पडद्यावर काठी आधी खाली यायची, ठोका किंचित मागून यायचा, दूरच्या शेतात कुऱ्हाड चालताना दिसते ना, तसा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर चालतो. म्हणजे मी स्टेजपासून किती दूर होतो त्याचं माप माझ्या डोळ्या-कानातच होतं.

आपल्याकडे मोठा आवाज म्हणजे मशीनवरचा लाल दिवा कायम पेटलेला. मशीनची ताकद संपली की ते आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटून टाकतं. त्यातून करवतीसारखा खरखरीत आवाज निघतो, वरच्या स्पीकरची कॉइल जळते आणि मालक म्हणतो, माल नकली निघाला. असा फाटका आवाज आला की माणूस आपोआप कानावर हात ठेवतो. मुंबईचा आवाज फाटका नव्हता, म्हणून मी दोन तास हात खिशात घालून उभा राहिलो. स्वच्छ मोठा आवाज फार फसवा असतो. तो दुखत नाही. कठड्याच्या आत एकजण टॉर्च घेऊन फिरत होता. त्याच्या कानात पिवळं काहीतरी खुपसलेलं दिसलं. मी भाच्याला कोपर मारून दाखवलं आणि हसलो. साउंडवाला असून कानात बोळे घालतो!

बाहेर पडलो तर भाच्याचे ओठ हालताना दिसत होते, शब्द नव्हते. लोकल आली ती गोधडीखालून आल्यासारखी. रात्रभर कानात "ईईई" असा एकसुरी आवाज, जुन्या टीव्हीवर कार्यक्रम संपल्यावर यायचा तसा. मूर्तिजापूर येईपर्यंत तो कमी झाला, दुसऱ्या दिवशी गेलाही. मी गावात महिनाभर सांगत फिरलो की आवाज असा असतो, राजेहो!

प्रश्न : आम्ही भंडारा जिल्ह्यात राहतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत दोन गावं पलीकडे नाटक असलं, तर रात्री एक वाजता गाण्याचे शब्दसुद्धा घरात ऐकू येतात. तोच संच, तोच साउंडवाला, पण उन्हाळ्यात दिवसा लग्न असलं तर शेजारच्या गावातलंही कळत नाही. रात्री आवाज वाढवतात का?

उत्तर : साउंडवाल्यावर आळ घेऊ नका, हे हवेचं काम आहे. दिवसा जमीन तापलेली, तिच्यालगतची हवा गरम आणि वरची थंड. आवाज थंड हवेकडे वळतो, म्हणून तो वर उडून जातो. हिवाळ्याच्या रात्री धानाच्या बांध्या गार पडतात, खालची हवा थंड आणि वरची त्यामानानं उबदार. मग वर निघालेला आवाज वाकून परत खाली येतो आणि तुमच्या खाटेवर उतरतो. त्यात वारा तिकडून असला तर विचारूच नका. झाडीपट्टीच्या नाटकांना मी दोन हंगाम मशीन घेऊन गेलोय, वडशाकडे. रात्री बाराच्या पुढं मी आवाज उलट कमी करायचो, तरी सकाळी पलीकडच्या गावचे लोक चहाच्या टपरीवर नाटकाची गोष्ट सांगायचे. तिकीट न काढता.

प्रश्न : दादा, मी वरुड तालुक्यातून लिहिते. माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. परवा नागपूरला मोठ्या बँडच्या कार्यक्रमाला गेला, पोरांसोबत अगदी स्पीकरपुढं उभा होता. दोन दिवस झाले, उजव्या कानात सारखं वाजते म्हणतो आणि फोन डाव्या कानाला लावतो. सासूबाई लसूण घालून तेल कोमट करून टाकायला सांगतात. टाकू का?

उत्तर : नका टाकू, ताई. तेल पडद्याच्या बाहेर राहतं आणि इजा पडद्याच्या आत, फार खोल झालेली असते. तिथं शंखासारख्या भागात सुमारे १५ हजार बारीक केसांच्या पेशी असतात. आवाजानं त्या लवतात. ज्वारीतून वारं गेलं की ताटं आडवी होऊन पुन्हा उठतात, तशा त्या साधारण एक-दोन दिवसांत उठतात. पण रानडुकरं लोळून गेली तर ज्वारी उठत नाही, आणि या वावरात दुबार पेरणी नाही. मेलेली पेशी माणसात पुन्हा उगवत नाही.

तो फोन डाव्या कानाला लावतो, हे मला वाजण्यापेक्षा जास्त खटकलं. एका कानानं कमी ऐकू येत असेल तर थांबू नका. हे पत्र छापून येईपर्यंत वाट पाहायला नको, म्हणून संपादकांकडून नंबर घेऊन मी तुम्हाला फोन केलाच आहे. इतरांसाठी लिहितो : अचानक ऐकू कमी झालं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जायचं. त्यावर गोळ्या असतात, पण त्या लवकर सुरू झाल्या तरच उपयोग.

हिशेब पोराला असा समजावा. ८५ डेसिबल आठ तास चालतं. पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० ला पाव तास. मैदानातला कार्यक्रम दोन तासांचा असतो, आणि १०० ला थांबतो कुठं?

मी एवढं ताणून सांगतो त्याला कारण आहे. पाच वर्षांपूर्वी पराटीच्या (कपाशीच्या) वावरात जागलीला आम्ही दोघं होतो. घरची म्हणाली, "रातकिडे किती वरडून राह्यले आज." मी म्हटलं, कुठं? ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाऱ्याची पानांतली सळसळ येत होती, कुत्रं भुंकताना येत होतं, रातकिड्यांच्या जागी काहीच नव्हतं. मग बाजारातले घोळ आठवले. अडत्या "साठ" म्हणे आणि मला "आठ" ऐकू येई. स, श, फ ही अक्षरं बारीक आवाजाची, ती आधी जातात. द हूच्या पीट टाउनशेंडनीही आपले कान गेल्याचं जाहीर सांगितलं, आणि ठपका स्टेजपेक्षा स्टुडिओतल्या हेडफोनवर जास्त ठेवला. माझा ठपका कोणावर ठेवू? तीस वर्षांचे भोंगे, त्यात ते दोन तास.

यवतमाळला तपासणीला गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन, हातात बटण. ऐकू आलं की दाबायचं. दाबत गेलो, मग बराच वेळ काही नाही. मी काचेवर टकटक केलं आणि म्हटलं, "मॅडम, मशीन बंद पडलं वाटते. तार सैल असन, मी पाहू का?" त्या म्हणाल्या, "चालूच आहे, काका."

पोराला पुढच्या कार्यक्रमाला अडवू नका, तो जाईलच. फोमचे बोळे औषधाच्या दुकानात मिळतात, पिवळे किंवा नारिंगी. चिमटीत वळून वातीसारखे बारीक करायचे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढायचा, बोळा आत सारायचा आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचा. नुसता बाहेर खोचला तर दिसायला बोळा, कामाला शून्य. कापसाचंही तसंच. आपण कापूस पिकवणारे असलो तरी तो कानात घालून फारसा आवाज अडत नाही. आणि डॉक्टरांनी काय सांगितलं ते मला कळवा. फोन केलात तर जरा मोठ्यानं बोला.