वजन ५ किलो? मग एफ इज इक्वल टू एमएमध्ये काय टाकायचं?

प्रश्न असा आलाय: नववीच्या उदाहरणात 'वजन ५ किलो असलेल्या खोक्याला २ मीटर प्रति सेकंद वर्ग त्वरण द्यायला किती बल लागेल' असं दिलंय, तर ५ तसेच टाकायचे की आधी ९.८ ने, म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वत्वरणाने, गुणायचे, आणि इथे वजन म्हणणं चूक का?

एफ इज इक्वल टू एमए म्हणजे बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, तेव्हा ५ तसेच टाका, उत्तर १० न्यूटन. गुणलंत तर ९८ येईल आणि ते साफ चूक. किलो हे वस्तुमानाचं एकक, १९०१ सालीच वजनं-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवून टाकलंय की किलोग्रॅम वस्तुमानाचा आणि वजन ही बलाच्या जातीची राशी, तरी क्लासच्या नोट्सपासून यूट्यूबपर्यंत जिथे बघावं तिथे 'वजन ५ किलो', वाचून डोकं उठतं.

पण खरी गंमत वजन या शब्दातच आहे. मूळ अरबी, वझ्न, म्हणजे तोलणं. त्याच धातूतून मीझान म्हणजे तराजू, अरबीत तूळ राशीचं नावही तेच. गझलवाले शेराचं वजन बघतात तेही हेच. आता तराजू करतो काय? एका पारड्यात माप, दुसऱ्यात कांदे, पृथ्वी दोन्हीकडे सारखंच ओढते म्हणून ते ओढणं कॅन्सल होतं आणि तुलना होते ती वस्तुमानाची. चंद्रावर नेलात तरी किलोच्या मापासमोर किलोभरच कांदे लागतील. बल मोजतो तो स्प्रिंगचा ताणकाटा, तो तिथे साधारण सहावा हिस्सा दाखवेल. म्हणजे शब्दाच्या मुळाशी गेलात तर भाजीवाला म्हणतो ते वजन म्हणजेच वस्तुमान, आणि शब्द पळवलाय तो पाठ्यपुस्तकवाल्यांनी!

माझं ठाम मत आहे की वेटसाठी मराठीत 'भार'च घ्यायला हवा होता, हिंदीवाल्यांनी बरोबर तोच घेतलाय. भृ म्हणजे वाहणं, पेलणं. खांद्यावर भार येतो, खांबावर स्लॅबचा भार असतो, म्हणजे जे पेलावं लागतं ते, आणि पेलावं लागतं ते बलच. परिभाषावाले म्हणतात भार लोडसाठी राखलाय. अहो, पण इंजिनियरचा लोड तरी काय असतो, बलच ना? बाजारात रोज तोंडात असलेला शब्द उचलून त्याला उलटा अर्थ चिकटवायचा आणि मग पोरांना चुकलास म्हणायचं, हे मला अजिबात पटत नाही.

वस्तुमानाबद्दल मात्र तक्रार नाही, तापमान, पर्जन्यमान यांच्याच घरातला नेटका शब्द आहे. परीक्षेत खोक्याचं वस्तुमान ५ किलोग्रॅम, वजन ४९ न्यूटन (५ गुणिले ९.८) असंच लिहा, मार्क त्यालाच मिळतात.